साक्षीदार पट्टीचं वजन

सोमवार, ३ मार्च

१. लॉट २१४ गेल्या १८ नोव्हेंबरला टाकीतून गेला. मांडीच्या हाडाला लावायच्या साठ स्टील प्लेट.
२. धुणे, ॲसिड, पुन्हा धुणे, वाळवणे. नोंदीप्रमाणे वेळा आणि तापमाने बरोबर.
३. साक्षीदार पट्टीवर मोरचुदाची चाचणी, सहा मिनिटे. गुलाबी डाग नाही. उत्तीर्ण.
४. सही टाकीचालकाची. त्याखाली सही प्रक्रिया-निरीक्षकाची, म्हणजे माझी.
५. २७ फेब्रुवारीला एका रुग्णालयातल्या नर्सला, निर्जंतुक करून काढलेल्या तीन प्लेटवर तपकिरी ठिपके दिसले. तिने शस्त्रक्रिया थांबवली.
६. त्या रुग्णालयाकडून सात प्लेट परत आल्या. पाचांवर गंज.
७. एकोणचाळीस प्लेट बनवणाऱ्या कंपनीच्या गोदामात. त्या थांबवल्या आहेत.
८. उरलेल्या चौदा माणसांच्या अंगात आहेत.

हे आठ मुद्दे आज मालकांना दिले. अहवालाला एवढे पुरेत. जे अहवालात बसणार नाही ते या वहीत लिहिणार आहे.

टाकीचालक म्हणजे माझा मामा, आईचा थोरला भाऊ. आम्ही तिघं एकाच घरात राहतो, पण कारखान्यात मी त्याला ‘तुम्ही’ म्हणते. पहिल्या दिवशी तो म्हणाला होता, "घरी तू, इथे तुम्ही. मालकांना एका पगारात दोन माणसं मिळाली."

जेवताना आईने विचारलं, "स्टील गंजतं कसं गं? आपले डबे तर गंजत नाहीत."

मी सांगितलं. स्टीलच्या अंगावर एक पातळ कवच असतं, न दिसणारं. ते गंज धरू देत नाही. प्लेट कापताना हत्याराचं साधं लोखंड तिच्या अंगाला पुसलं जातं. ते तसंच राहिलं तर तिथे गंज. म्हणून आम्ही प्लेट नायट्रिक ॲसिडमध्ये बुडवतो. ॲसिड लोखंड खातं आणि कवच पक्कं होतं. याला पॅसिव्हेशन म्हणतात. पण आधी कापताना लागलेलं तेल धुऊन निघायला हवं, कारण तेलाखाली ॲसिड पोचत नाही.

"म्हणजे अंघोळ," मामा म्हणाला. "आधी साबण, मग बाकीचं."

"मग या वेळी साबण राहिला का रे दादा?" आईने विचारलं.

तो भात चिवडत बसला. उत्तर टाळणं मला आवडत नाही, पण मी ते जेवणाच्या ताटावर ताणलं नाही.

मंगळवार, ४ मार्च

लॉट २१४चा लिफाफा काढला. प्रत्येक लॉटबरोबर त्याच धातूची एक छोटी पट्टी, त्याच तेलात बुडवून, त्याच जाळीत टांगतात. चाचणी तिच्यावर करायची, कारण माणसाच्या अंगात जाणाऱ्या प्लेटवर मोरचूद घालत नाहीत. कुठे लोखंड उरलं असेल तर पट्टीवर तांबं धरतं आणि गुलाबी डाग पडतो. कारखान्यात या पट्टीला साक्षीदार म्हणतात. चाचणी झाली की ती पारदर्शक खिडकीच्या लिफाफ्यात बंद होते आणि वर्षभर राहते.

२१४चा साक्षीदार खिडकीतून पाहिला. स्वच्छ, एकही डाग नाही. मग प्लेट गंजल्या कशा, याला माझ्याकडे उत्तर नाही.

मालकांकडे आहे. "रुग्णालयाच्या पाण्यात क्लोराईड. त्यानं स्टील गंजतं की नाही?"

"गंजतं."

"मग लिही की तसं. खोटं कुठंय त्यात?"

"त्यांचं पाणी मी तपासलेलं नाही."

"आणि तू ‘नव्हतं’ म्हणायलाही तपासलेलं नाहीस." ते हसले. माणूस वाईट नाही. चाळीस जणांचा कारखाना आहे आणि त्यांना झोप लागत नाही.

आमची पद्धत पक्की आहे हे दाखवायला मी ऑक्टोबरात केलेल्या सुधारणांची यादी जोडली: पट्टीला उघडा हात लावायचा नाही, जाड हातमोजे आणि चिमटा वापरायचा, स्टीलच्या आणि टायटॅनियमच्या कोऱ्या पट्ट्यांना एकसारखे नवे प्लास्टिकचे डबे, निळं झाकण स्टीलला, हिरवं टायटॅनियमला, खिडकीचे लिफाफे, दर महिन्याला तापमापकाची तपासणी. आधी स्टीलच्या पट्ट्या जुन्या टिनाच्या डब्यात असत आणि टायटॅनियमच्या लाकडी खोक्यात. चिठ्ठी कशावरच नव्हती. टाकीचालकांनी तेव्हा कुरकुर केली होती, "जुने डबे काय चावत होते?" नव्या गोष्टीला त्यांचा विरोध असतोच.

गुरुवार, ६ मार्च

घरी मामाशी बोलायला गेले. तो बोलताना माझ्याकडे पाहत नाही. माझ्या कानाच्या पलीकडे, दाराच्या चौकटीकडे पाहतो. गेलं वर्षभर असंच चाललंय. अपराधी माणूस नजर चुकवतो, हे मनात येऊन गेलं. पुरावा नाही, म्हणून फक्त इथे लिहिते.

"धुतल्यावर पाणी कसं होतं?" मी विचारलं. धुतलेली जाळी वर उचलली की प्लेटवर पाणी सलग पापुद्र्यासारखं राहायला हवं. ते फुटून थेंब झाले तर तेल राहिलंय. ही पारख नजरेची आहे आणि बावीस वर्षं तोच करतो.

"होतं तसंच."

"तसंच म्हणजे कसं?"

"मोजपट्टे, झोप आता." मला तो लहानपणापासून मोजपट्टी म्हणतो. चहाचा कप हातात घेताना त्याने कडेवरून आत बोट घातलं. ही घाणेरडी सवयही अलीकडचीच. आई काही बोलत नाही. पेपरही तो हल्ली आईकडून वाचून घेतो. म्हणतो, तिचा आवाज बरा आहे. तिचा आवाज घोगरा आहे.

शनिवार, ८ मार्च

प्लेट बनवणाऱ्या कंपनीच्या तक्रार विभागातल्या बाईंचा फोन. चौदांपैकी एकीचं त्यांना कळलं आहे. शाळेची बस चालवते. वय चौतीस. डिसेंबरात बस उलटली. मुलं वाचली, हिची मांडी मोडली. प्लेट घातली. जखम भरली नाही, पू येत राहिला. फेब्रुवारीत पुन्हा उघडलं तर प्लेटभोवतीचं मांस काळं पडलं होतं आणि हाड जुळलं नव्हतं. प्लेट काढली.

"पाय राहील का?" मी विचारलं.

"डॉक्टर काही बोलत नाहीत." मग त्या म्हणाल्या, "तुमच्याकडून एक कागद हवाय. तुमची प्रक्रिया बरोबर होती असा. तो आला की आम्ही फाइल बंद करतो."

"आणि बाकीचे तेरा?"

"त्यांची तक्रार नाही ना अजून."

मालकांनी कागद तयार करून ठेवला आहे. फक्त माझी सही बाकी आहे.

सोमवार, १० मार्च

सही केली नाही. साक्षीदार बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवायचा ठरवलं. त्यांच्या अर्जात एक रकाना आहे, नमुन्याचं वजन. चार महिन्यांत पहिल्यांदा लिफाफा फोडला आणि पट्टी काट्यावर ठेवली.

८.८ ग्रॅम.

स्टीलची याच मापाची पट्टी १५.६ भरते. काटा शून्यावर आणून पुन्हा ठेवली. ८.८. तिसऱ्यांदाही.

ही टायटॅनियमची पट्टी आहे. टायटॅनियमवर मोरचुदाचा डाग पडतच नाही, कारण तिथे लोखंडच नसतं. ती चाचणी कधीच नापास झाली नसती. दोन्ही धातू करडे. शेजारी ठेवले तर टायटॅनियम किंचित काळसर दिसतं. मी शेजारी ठेवले नव्हते. मी खिडकीतून पाहून सही केली होती.

मंगळवार, ११ मार्च

ऑक्टोबरपासूनचे स्टीलचे सगळे लिफाफे फोडून पट्ट्या वजन केल्या. एकतीस लॉट. नऊंमध्ये टायटॅनियम. त्या नऊ लॉटांत मिळून चारशे बारा नग. ते खराब आहेत असं मी म्हणत नाही. ते तपासलेलेच नाहीत.

टाकीपाशी गेले. शेजारचा जाळीवाला होता, त्याला बाहेर पाठवलं.

"स्टीलच्या लॉटला टायटॅनियमची पट्टी तुम्ही लावलीत?"

मामा ॲसिडच्या टाकीचं झाकण सरकवत होता. सरकवून झाल्यावर म्हणाला, "किती लॉट?"

"नऊ."

"नऊ." मग म्हणाला, "माझी चूक. लिहून टाक."

"चूक की मुद्दाम?"

"तुला काय सोपं जाईल लिहायला?"

मला राग आला. मी विचारते ते मोजता येण्यासारखं असतं आणि तो त्याचं असं काहीतरी करतो.

मालकांना सांगितलं. त्यांचा चेहरा उजळला, हे मी पाहिलं. "म्हणजे म्हाताऱ्यानं काम वाचवायला पास होणारी पट्टी लावली. एका माणसाची लबाडी. कारखान्याची पद्धत पक्कीच आहे, तूच यादी केलीस ना?"

यादी मीच केली होती.

"मामा आहे ना तुझा?" ते हळू आवाजात म्हणाले. "तुझं नाव मी येऊ देणार नाही. एकाच लॉटचं लिहू, २१४. बाकीचे आठ उकरायचे नाहीत."

बुधवार, १२ मार्च

टाकीचालक आज आले नाहीत. मालकांच्या टेबलावर राजीनामा सापडला. सगळा दोष स्वतःवर घेतला आहे: ‘निरीक्षकबाईंना काही माहीत नव्हतं, मी त्यांना फसवलं.’ निवृत्तीला पाच महिने राहिले होते. अक्षर वेडंवाकडं, ओळी उतरत जाऊन एकमेकींवर चढलेल्या. घाईत लिहिलं असावं.

घरी आले तेव्हा तो अंगणाच्या पायरीवर बसला होता. आईने दोघांना एकदमच वाढलं आणि स्वतः जेवली नाही.

गुरुवार, १३ मार्च

लबाडी असेल तर तिला दिशा असते. हे काल सुचायला हवं होतं.

काम वाचवायला कोणी स्टीलच्या लॉटला टायटॅनियम लावेल. टायटॅनियमच्या लॉटला स्टील लावून कोणाचंच काम वाचत नाही. तिथे ही चाचणीच नसते, पट्टी फक्त नोंदीला टांगतात. म्हणून आज टायटॅनियमचे लिफाफे फोडले. बारा लॉट. चारांमध्ये पट्टी १५.६ ग्रॅमची. स्टील.

दोन्हीकडे अदलाबदल आहे. ही लबाडी नाही. हा माणूस डबे ओळखत नव्हता.

पट्ट्यांच्या फळीपाशी जाऊन उभी राहिले. निळं झाकण, हिरवं झाकण. जाळीवाल्याला विचारलं, हे डबे कधी जागा बदलतात का? "फळी पुसताना उचलतो ना बाई. मग ठेवतो कुठेही. रंग आहे की झाकणाला."

घरी आले. आई उशीचा अभ्रा शिवत होती. "दोऱ्याचा डबा दे गं," म्हणाली. मी कपाटातून डबा काढला. टिनाचा, झाकणाला खरबरीत पोचा पडलेला. कारखान्यातला. मी ऑक्टोबरात फेकायला सांगितला होता. मामाने घरी आणला होता.

डोळे मिटून त्या पोच्यावरून बोट फिरवलं. टीन गार लागतं. लाकूड लागत नाही. चिठ्ठी नव्हती, कारण चिठ्ठीची गरज नव्हती.

मग मागच्या खोलीत गेले. मामाचे हात उघडे होते. खिशातून दोन पट्ट्या काढून त्याच्या दोन तळव्यांवर ठेवल्या. त्याने खाली पाहिलंही नाही.

"ही टायटॅनियम. ही स्टील." लगेच. मग म्हणाला, "परीक्षा आहे का?"

"मग नोव्हेंबरात का नाही कळलं?"

"हातमोजे होते."

तो अगदी साधेपणाने म्हणाला. वर पुस्ती जोडली, "नियम बरोबर आहे तुझा. हाताचं तेल लागतं पट्टीला."

"मामा, झाकणांचा रंग दिसतो का तुला?"

तो नेहमीसारखा माझ्या कानाच्या पलीकडे पाहत होता.

"कडेनं दिसतं," म्हणाला. "समोर पाहिलं की मधोमध धूर. तुझ्याकडे सरळ पाहिलं तर तू जातेस. दारावर नजर ठेवली की कडेला तू येतेस, थोडीशी."

"किती दिवस?"

"दीड वर्ष."

"पाण्याचा पापुद्रा?"

"बावीस वर्षं पाहिलाय. वाटायचं, दिसतोय." मग म्हणाला, "नसेल दिसला."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू लिहिलं असतंस."

ते खरं आहे. मी लिहिलं असतं, त्याच दिवशी, तारीख घालून. तो टाकीवरून उतरला असता आणि ती बस चालवणारी बाई बहुधा आज चालत असती. आणि त्याने ‘जुने डबे काय चावत होते’ म्हटलं त्या दिवशी मी एकच प्रश्न विचारला असता, तरीही. कोणाचा वाटा किती, हे काढायला मला काटा सापडत नाही.

आई दारात उभी होती. तिला माहीत होतं. पेपर ती वाचून दाखवत होती.

शनिवार, १५ मार्च

मामाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. पडद्याच्या मध्यभागाचा आजार. गेलेलं परत येणार नाही. कडेची नजर राहील. डॉक्टरने विचारलं, "काम काय करता?" मामा म्हणाला, "काही नाही." आणि मग, "तपासणीचं."

परतताना घरच्या जिन्यावर त्याने माझा दंड धरला. पायऱ्या मोठ्याने मोजत होता. अकरा. मी वर-खाली रोज जाते, मला माहीत नव्हतं.

तक्रार विभागाच्या बाईंचा निरोप: बस चालवणाऱ्या बाईचा पाय काल गुडघ्याच्या वरून काढला.

सोमवार, १७ मार्च

मालकांपुढे नवा अहवाल ठेवला. त्यांनी उभ्यानेच वाचला.

"नऊ लॉट? चारशे बारा नग? कारखाना बंद होईल, कळतंय का तुला?"

"होऊ शकतो."

"म्हाताऱ्यानं स्वतःहून मान्य केलंय. तू सुटत होतीस."

"ते मान्य केलेलं खरं नाही. त्यांनी मला फसवलं नाही. डबे मी बदलले, हातमोजे मी आणले आणि लिफाफ्यावर न उघडता सही मी केली."

"मी हे पाठवणार नाही."

"मी पाठवणार आहे. तुम्हाला प्रत देतेय."

ते खुर्चीत बसले. मग म्हणाले, "मामाला विचारलंस?"

विचारलं नव्हतं. संध्याकाळी घरी त्याला सगळा वाचून दाखवला. मध्ये एकदाच थांबवलं त्याने. "नजर गेली होती, असं सरळ लिही. ‘दृष्टिदोष’ काय, चष्म्याच्या दुकानातला शब्द."

बदललं.

"आणि माझी सही?"

"तू राजीनामा दिलास."

"नोव्हेंबरात नव्हता दिला."

कागद त्याच्यापुढे ठेवला. ओळ सापडेना, पेन अक्षरांवर चढू लागलं. मी दप्तरातली स्टीलची मोजपट्टी काढून सहीच्या जागेखाली आडवी धरली. त्याने डाव्या अंगठ्याने तिची कड चाचपली आणि तिच्यावरून सही केली. सरळ आली.

"बरी आहे मोजपट्टी," म्हणाला.

उद्या सकाळी एक प्रत प्लेट बनवणाऱ्या कंपनीला, एक रुग्णालयाला, एक औषध व उपकरणांच्या सरकारी निरीक्षकांना. शेवटचा भाग इथे उतरवून ठेवते.

९. लॉट २१४ची साक्षीदार पट्टी चुकीच्या धातूची होती. त्यामुळे चाचणी निरर्थक होती. हीच चूक आणखी आठ लॉटांत झाली आहे, यादी सोबत.
१०. टाकीचालकाची नजर गेली होती. ती तपासण्याची कोणतीही पद्धत कारखान्यात नव्हती. तेल राहिल्याचे त्यांना दिसले नाही.
११. ऑक्टोबरपर्यंत ते दोन धातूंचे डबे स्पर्शाने आणि पट्ट्या वजनाने ओळखत. ऑक्टोबरात प्रक्रिया-निरीक्षकाने एकसारखे डबे आणि जाड हातमोजे आणले. ओळखण्याची ही दोन्ही साधने त्या दिवशी गेली. हे निरीक्षकाच्या लक्षात आले नाही. तिने विचारलेही नाही.
१२. टाकीचालकाने कोणाला फसवलेले नाही. त्यांचा १२ मार्चचा कबुलीजबाब त्या मुद्द्यावर ग्राह्य धरू नये.
१३. लॉट २१४च्या उरलेल्या तेरा रुग्णांना आणि बाकीच्या आठ लॉटांतले नग ज्यांच्या अंगात आहेत त्या सर्वांना, त्यांच्या डॉक्टरांमार्फत, हे कळवणे आवश्यक आहे. त्यांची तक्रार येईपर्यंत थांबू नये.

किती जणांना कळवले, कोणत्या तारखेला, आणि कोण अजून सापडलेले नाही, याचे लेखी उत्तर शुक्रवार, २८ मार्चपर्यंत वरील पत्त्यावर द्यावे.